क्लूनीजवळच्या एका घरात चार रात्री

फ्रान्सच्या एका खेड्यातल्या घरात पहिल्या रात्री मी अर्धपोटी झोपले. त्यात त्या घराचा काही दोष नाही, म्हणून हे सगळ्यात आधी सांगते, म्हणजे तुमच्यावर ती वेळ यायला नको. जेवायला बसलो तेव्हा घरच्या यजमानीणबाईंनी, म्हणजे मादामनी, बटाट्याचं भरलेलं भांडं माझ्यापुढे धरलं. सायीत शिजवलेले बटाट्याचे काप, वरून खरपूस झालेले. मी हसून "मेर्सी" म्हटलं. मेर्सी म्हणजे धन्यवाद, एवढं भाचीनं शिकवून ठेवलं होतं. भांडं सरळ ह्यांच्याकडे गेलं. ह्यांनीही "मेर्सी" म्हटलं आणि ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. तिथे कुणी काही वाढू लागलं आणि तुम्ही नुसतं मेर्सी म्हणालात, तर त्याचा अर्थ 'नको' असा धरतात. हवं असेल तर आधी 'वुई', म्हणजे हो, म्हणायचं. आणि एकदा नको म्हटलं की पुन्हा विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी फोनवरच्या भाषांतरातून हा घोळ उलगडला तेव्हा मादामना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी उरलेले बटाटे नाश्त्यालाच गरम करून पुढे ठेवले. त्यांच्याकडे सकाळी पाव, लोणी, जाम असं गोडच खातात. सकाळी आठला बटाटे त्या घरात बहुधा पहिल्यांदाच शिजले-तापले असतील.

आमची दिंडोरी तालुक्यात साडेचार एकर द्राक्षबाग आहे, राहायला आम्ही नाशिकला. एप्रिलची खरडछाटणी झाली, शेंडे मारून झाले, काडी पिकायला लागली, की जूनमध्ये मालकाचा जीव जरा मोकळा असतो. मुलगा म्हणाला, मी बघतो बाग, तुम्ही जाऊन या. पॅरिसला तीन दिवस काढले. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते फ्रान्सच्या दक्षिण बर्गंडी भागातल्या, माकाँ आणि क्लूनी या गावांच्या मधल्या एका खेड्यातल्या घराबद्दल. तिथे आम्ही चार रात्री एका कुटुंबाबरोबर राहिलो.

या प्रकाराला तिकडे 'शांब्र दोत' म्हणतात, म्हणजे पाहुण्यांची खोली. नाव साधं असलं तरी त्याला कायद्याची चौकट आहे. मालकानं स्वतःच्या राहत्या घरात खोल्या द्यायच्या, जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे, आणि गावच्या नगरपालिकेत तशी नोंद करायची. नाश्ता, चादरी-टॉवेल हे भाड्यातच धरलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. रात्रीचं जेवण हवं असेल तर 'ताब्ल दोत' आहे का ते विचारायचं. त्यात मेन्यू एकच, टेबल घरच्यांचंच, आणि आधी सांगावं लागतं. 'जीत' हा शब्द दिसला तर मात्र सावध व्हा. जीत म्हणजे अख्खं घर भाड्यानं, स्वयंपाक तुमचा तुम्ही, आणि यजमान बहुतेक वेळा किल्ली देऊन निघून जाणार. तेही चांगलं असतं, पण ती गोष्टच वेगळी.

'जीत द फ्रांस' ही या क्षेत्रातली जुनी संस्था १९५५ सालची. खेड्यातली माणसं शहराकडे निघाली होती, शेतकऱ्याला शेतीशिवाय चार पैसे मिळावेत आणि ओसाड पडत चाललेली घरं सावरावीत, हा तिचा मूळ हेतू. हॉटेलांना तारे देतात तसे ते घरांना गव्हाच्या ओंब्या देतात, एक ते पाच. आमच्या घराला तीन ओंब्या होत्या. शेतकऱ्याच्या बायकोला ही ओंबीची खूण फार आवडली.

आम्हाला दोघांना मिळून रात्रीचे ८२ युरो पडले, नाश्त्यासकट. जेवण माणशी २८ युरो. वर माणशी थोडा पर्यटन कर. पॅरिसच्या आमच्या हॉटेलात याहून जास्त पैशात खिडकीही धड उघडत नव्हती.

घर जुनं, दगडी, भिंती हातभर जाड. आम्ही होतो तेव्हा दुपारी तेहेतीस अंशांपर्यंत ऊन तापत होतं आणि घरात ना एसी ना पंखा. पहिल्या दिवशी मी सवयीनं खोलीच्या खिडक्या सताड उघडून ठेवल्या. मादाम वर आल्या, त्यांनी बाहेरची लाकडी दारं ओढून घेतली, काचा लावल्या आणि बोटांनी दहाचा आकडा दाखवला. सकाळी दहाच्या आत सगळं बंद, सूर्य कलल्यावर सगळं उघडं. दुपारी बाहेरून येऊन जिन्यात पाऊल टाकलं की माठाजवळ उभं राहिल्यासारखं गार वाटायचं. माझ्या आजीचा पंचवटीत वाडा होता. तिथे दुपारी असाच अंधार करून आम्हाला झोपवायचे, त्याची फार आठवण झाली.

आता जेवणाचं टेबल. सगळं परीक्षण खरं म्हणजे याच्यासाठीच लिहितेय.

संध्याकाळी साडेसातला आवारातल्या लिंडेनच्या झाडाखाली बसायचं. सूर्य साडेनऊपर्यंत मावळत नाही, त्यामुळे घाई कुणालाच नसते. आम्ही नेलेला कोंडाजीचा चिवडा मादामनी वाटीत काढून तिथेच ठेवला आणि चार दिवस पुरवून पुरवून वाढला. मग आत. आठ माणसांचं टेबल, त्यावर घरची दोघं, आम्ही दोघं, आणि बेल्जियमचं एक सायकलवालं जोडपं. पाव ताटात ठेवत नाहीत, ताटाशेजारी थेट टेबलक्लॉथवर ठेवतात. तो सुरीनं कापायचा नाही, हातानं तोडायचा. भाजी-आमटी एका वेळी पुढे येत नाही. आधी एक पदार्थ, तो संपला की मुख्य, मग हिरवा पाला, मग चीज, मग गोड. दोन तास सहज जातात.

आणि त्या दोन तासांत मादाम बसलेल्या होत्या. मी पहिल्या दिवशी सारखी उठत होते. काही आणायचं असलं की माझी खुर्ची मागे सरकायची. तीस-बत्तीस वर्षं पाहुण्यांच्या पंगतीत मी उभी राहिलेय. गरम पोळी ताटात पडली पाहिजे, आमटी संपायच्या आत वाटी भरली पाहिजे, आणि सगळे उठले की मागाहून आम्ही बायका. ते मला कधी खुपलं नव्हतं, आजही त्यात मला प्रेमच दिसतं. पण मादामनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं, भांडी टेबलाच्या मध्ये ठेवली आणि त्या स्वतः जेवायला लागल्या. ताटं त्यांच्या नवऱ्यानं उचलली, कॉफीही त्यांनीच केली. पाहुण्यांशी बोलणं, त्यांना ऐकणं हे त्या बाईंचं काम होतं आणि ते त्या मन लावून करत होत्या. माझ्या सासूबाईंबद्दल, बागेतल्या मजूर बायकांबद्दल, लग्नात मी किती वर्षांची होते त्याबद्दल त्यांनी विचारलं. फोन मधे धरून, अडखळत, पण विचारलं. माझ्याकडे इतके पाहुणे येऊन गेले, पण मी कुणाशी सलग दोन तास बोलल्याचं मला आठवेना.

शाकाहाराचं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडची मंडळी याच कारणानं अशा घरांत जायला कचरतात. मी अंडंही खात नाही. भाचीनं फ्रेंचमध्ये जो मेल लिहिला, त्यात नुसतं शाकाहारी असं न लिहिता मांस, कोंबडी, मासे, अंडं नाही, दूध-लोणी-साय चालेल, असं एकेक नाव घेऊन लिहिलं. तुम्हीही तसंच लिहा. मांस नको एवढंच सांगितलं तर ऑम्लेट पुढे येण्याची शक्यता खूप. मला त्यांनी प्वी गावची हिरवी मसूर दिली, गाजर-कांदा घालून शिजवलेली, आपल्या अख्ख्या मसुराच्या चुलतबहिणीसारखी. एकदा वांगी, टोमॅटो, भोपळ्याच्या जातीची झुकिनी यांची एकत्र भाजी, ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेली. कोवळ्या घेवड्याच्या शेंगा, अक्रोडाच्या तेलातला लेट्यूस. मसाला शून्य. मी लसणीच्या चटणीची बाटली नेली होती, पण तिसऱ्या दिवसापासून ती काढावीशी वाटली नाही. चीजचं मात्र विचारून घ्या. तिथली पारंपरिक चीज बहुतेक वासराच्या जठरातून काढलेल्या द्रव्यानं दूध गोठवून करतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीजचं ताट पुढे जाऊ द्यावं. मी दिलं, आणि कुणी भुवई उंचावली नाही.

मधे एकादशी आली. उपवासाला काय खातेस, मादामनी विचारलं. बटाटा, फळं, दूध, मीठ चालतं म्हटलं. त्या दिवशी माझ्यापुढे उकडलेले लहान बटाटे, घरगुती लोणी, जाडं मीठ आणि परसातल्या झाडाच्या ताज्या चेरी आल्या, आणि त्यांनी स्वतःही माझ्याबरोबर तेच खाल्लं. सोवळं, पुण्य वगैरे काही त्यांना माहीत नाही. पाहुणी एकटी वेगळं खाते म्हणून त्या माझ्याबरोबर बसल्या.

हे मांसाहारी. गोमांस नको हे आधी कळवलेलं होतं, म्हणून बर्गंडीची ती प्रसिद्ध रस्सा-भाजी केली नाही. त्याऐवजी सोन नदीपलीकडच्या ब्रेसची कोंबडी होती. पांढरी पिसं, निळे पाय, लाल तुरा, फ्रान्सच्या झेंड्याचेच रंग, आणि द्राक्षांना असतं तसं भौगोलिक मानांकन या कोंबडीलाही १९५७ पासून आहे. ह्यांनी त्या कोंबडीचं कौतुक घरी आल्यावर सगळ्या भावकीत केलं.

एक गोष्ट मात्र जड गेली. गावाभोवती सगळीकडे हिरवी कुरणं आणि त्यांत पांढऱ्याशुभ्र, भरदार गायी. शारोले जात. संध्याकाळी मी कुंपणाशी जाऊन उभी राहायची, त्या जवळ यायच्या, हात चाटायच्या. दूध किती देतात विचारलं तर मादाम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, या दुधासाठी नाहीत. त्यांनी लपवलं नाही आणि समजावण्याचाही प्रयत्न केला नाही. मी दोन दिवस तिकडे गेले नाही. शेवटच्या दिवशी गेले.

ह्यांचा सगळा जीव शेजारच्या द्राक्षबागेत. शेजारी शार्दोने या वाईनच्या द्राक्षाची बाग करतात. शार्दोने याच भागातलं एक गाव आहे, द्राक्षाचं नाव त्या गावाशी जोडलेलं. बाग बघून हे गप्पच झाले. मांडव नाही, वेल कमरेएवढा, ओळी इतक्या दाट की हेक्टरी आठ हजार झाडं. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशेच्या आसपास बसतात. ठिबकची नळी कुठेच दिसेना. मानांकनाच्या द्राक्षांना पाणी द्यायला सहसा परवानगीच नसते, मुळं खोल जाऊन आपलं आपण शोधतात. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. आपल्या दोन छाटण्या ऐकून ते शेजारी जमिनीवर उकिडवे बसले आणि काडीनं मातीत बारा महिन्यांचं कोष्टक काढायला लागले.

पानांवर निळसर डाग बघून हे म्हणाले, मोरचूद! शेजाऱ्यांनी "बुई बोर्दलेज" म्हटलं, आणि दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. आपलं बोर्डो मिश्रण. बोर्दो शहराच्या परिसरात रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून खाऊ नयेत म्हणून मालक वेलींवर मोरचूद-चुन्याचा निळा कडू थर मारायचे. त्या वेलींवर डाऊनी हा बुरशीचा रोग येत नाही हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पावसाळी ऑक्टोबरात आमची अख्खी बाग ज्याच्या भरवशावर उभी असते ते औषध इथून आलं, हे ह्यांना तिथे त्या बांधावर कळलं. शंभर लिटरला किलोभर मोरचूद हे आमचं प्रमाण ऐकून शेजारी म्हणाले, आता इतकं मोकळं राहिलेलं नाही, युरोपात तांब्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. दोघांचं बोलणं अंधार पडेपर्यंत चाललं. दुभाषी नव्हता, फोनची बॅटरी संपली होती.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी त्या बागेतली एक काडी मागितली. नुसती आठवण म्हणून. शेजाऱ्यांनी मान हलवली. इतका दिलदार माणूस, घरातल्या बाटल्या उघडून पाजणारा, पण काडीला नाही म्हणाला. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फिलॉक्सेरा हा मुळं खाणारा किडा आला आणि फ्रान्सच्या बागाच्या बागा गेल्या. शेवटी अमेरिकन खुंटावर कलम करूनच द्राक्ष वाचलं. आपणही डॉगरिज या खुंटावर कलम करतो, त्या युक्तीची मुळं या संकटात आहेत. त्यांच्या पणजोबांच्या घरानं ते भोगलेलं. ह्यांनी लगेच हात जोडले. विमानातून रोप-काडी आणायला आपल्याकडेही बंदी आहेच, पण तिथे ते नियम म्हणून नाही, घरातली आठवण म्हणून ऐकलं.

आजूबाजूला बघायला क्लूनीचा मठ आहे, इसवी सन ९१० चा. एके काळी त्याचं चर्च ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं, क्रांतीनंतर ते पाडून दगड विकले. जे थोडं उरलंय त्यावरून मान वर करून बाकीचं मनात उभं करावं लागतं. शनिवारी सकाळी क्लूनीत बाजार भरतो, तो चुकवू नका. जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलचा हिरवा रस्ता १९९७ पासून आहे. मी सायकल चालवली नाही, चार किलोमीटर चालून आले.

आता उणं. जिना अरुंद, लाकडी, उभा. माझे गुडघे दुखतात, मोठी बॅग ह्यांनाच वर न्यावी लागली. संडास आणि न्हाणी वेगवेगळ्या, आणि संडासात धुण्यासाठी पाण्याची सोय नाही. घरून पाण्याचा मग न्या, मी नेला होता. वायफाय फक्त खाली स्वयंपाकघरात. बेकरी सोमवारी बंद, दुकानं दुपारी बारा ते दोन बंद, त्यामुळे खाण्याचा थोडा साठा जवळ ठेवावा. क्लूनीला रेल्वे नाही. पॅरिसहून माकाँ-लोशेपर्यंत वेगवान गाडी पावणेदोन तासांच्या आत पोचवते, पुढे बसच्या फेऱ्या मोजक्या. आम्हाला यजमान स्टेशनवर घ्यायला आले, पण ते त्यांच्या मनाचं मोठेपण, ती सेवा सगळीकडे मिळत नाही. पैसे रोख द्यावे लागले, कार्ड घेत नव्हते.

यानंतर आम्ही बर्गंडीतल्याच बोन शहराजवळ दोन रात्री दुसऱ्या ठिकाणी काढल्या. जाहिरातीत तीच भाषा होती, कुटुंब, घरचं टेबल वगैरे. पोचलो तर दाराशी आकड्यांचं कुलूप असलेली डबी, आत किल्ली. मालक दोन दिवसांत दिसले नाहीत. फ्रिजमध्ये पाव आणि जामची पुडी. खोली पहिल्या घराहून नवी, न्हाणी चकचकीत, आणि मला तिथल्या भिंतीचा रंगसुद्धा आता आठवत नाही. बुक करण्याआधी एकच प्रश्न लिहून विचारा: जेवायला तुम्ही आमच्याबरोबर बसता का?

पहिल्या घराला माझ्याकडून पाचपैकी पावणेपाच. पाव गुण जिन्याचा कापला.

व्हिसासाठी अशा घराचं बुकिंग चालतं. यजमानांनी नाव, तारखा, पत्ता आणि पैसे असं मेलवर लिहून दिलं, ते अर्जाला जोडलं. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. जूनमध्ये जायचं असेल तर यजमानांना डिसेंबरातच मेल टाका. जानेवारीत आपला माल उतरायला लागला की मग कुणाला सुचत नाही, आणि पाच खोल्यांच्या घरात खोल्या राहून राहून राहणार किती. मेलमध्ये काय खात नाही ते लिहाच, पण काय खाता तेही लिहा. मी लिहिलं नव्हतं. वरण-भात मला चालतो हे माहीत असतं तर मादामनी पहिल्याच रात्री भात टाकला असता, असं त्यांनी मला चार वेळा सांगितलं.